तलफेचा बंदोबस्त

प्रतिज्ञेविषयी आपल्या समाजाला फार आदर आहे. गुढीपाडव्याच्या सकाळी, किंवा अलीकडच्या रीतीप्रमाणे इंग्रजी वर्षाच्या पहिल्या तारखेला, घरच्या चार माणसांसमक्ष "आजपासून सिगारेट बंद" असे जाहीर करणारा गृहस्थ ज्या कौतुकाचा धनी होतो, त्याच्या दुप्पट उपहास, तिसऱ्या दिवशी तो टपरीच्या आडोशाला झुरके घेताना सापडला म्हणजे, त्याच्या वाट्याला येतो. आणि त्याची कैफियत ऐकून न घेताच 'मनाचा कच्चा' असा त्याचा निकाल लावला जातो. माझ्या मते हा निकाल अन्यायाचा आहे. अशा बहुतेकांच्या ठायी निश्चय पुरेसा असतो. उणीव असते ती तजविजीची. भीष्माचे अनुकरण करू पाहणाऱ्या या माणसाने वास्तविक एखाद्या दक्ष कारकुनाचे अनुकरण करायला हवे होते, कारण ज्या तलफेशी त्याची गाठ पडणार असते तिची येण्याची वेळ, तिचे ठरलेले मुक्काम आणि तिची मुदत ही सारी अगोदर कळण्यासारखी असतात.

धुराबरोबर फुप्फुसात गेलेले निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, तेथील पेशींवरच्या ग्राहींना जाऊन चिकटते, आणि डोपामीन नावाचे द्रव्य स्रवून क्षणभर चित्त प्रसन्न होते. परंतु रक्तातले त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. आणि वर्षानुवर्षांच्या पुरवठ्याने ज्यांची संख्याच वाढून बसली आहे असे ते ग्राही रिकामे पडू लागले की चिडचिड, बेचैनी आणि कामात लक्ष न लागणे यांचा अंमल सुरू होतो. सिगारेटने डोके शांत होते असे ओढणारा शपथेवर सांगतो, ते खोटे नसते. मात्र शांत होणारी ती अस्वस्थता बव्हंशी आधीच्याच सिगारेटने मागे ठेवलेली असते, एवढे तो सांगत नाही. शेवटच्या झुरक्यानंतर काही तासांतच हा उपद्रव सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसास पोहोचतो, आणि मग उतरत उतरत तीन-चार आठवड्यांत बहुतांशी शमतो. त्यातही एकेक तलफ सुटी करून पाहिली तर ती पाच-दहा मिनिटांहून अधिक काळ सहसा टिकत नाही. सिगारेट ओढली तरी ती ओसरते, न ओढली तरी ओसरते. तिसऱ्या दिवशी हार खाणारा गृहस्थ म्हणजे चढ संपता संपता मागे फिरलेला वाटसरू होय, आणि पुढे उतार आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

तेव्हा पहिली गोष्ट तारखेची. ती पंधरवड्याच्या आतली असावी, कारण लांबणीवर टाकलेला संकल्प शिळा होतो. पण हिशेबनिसाने मार्चअखेर आणि ज्याच्या घरी कार्य निघाले आहे त्याने कार्याचा आठवडा टाळावा हे उत्तम. मधल्या दिवसांत सिगारेट खुशाल ओढावी, मात्र प्रत्येक वेळी पेटवण्यापूर्वी वेळ, ठिकाण, सोबतीला कोण आणि ओढ किती तीव्र, याची रोजकीर्द लिहावी. आठवडाभराच्या नोंदी पुढे ठेवल्या म्हणजे असे दिसून येते की खऱ्या निकडीच्या सिगारेटी थोड्या, आणि बाकीच्या निव्वळ शिरस्त्याच्या: जेवणानंतरची, बसची वाट पाहतानाची, साहेबांच्या खोलीतून बाहेर आल्यावरची, आणि सभ्य लोक जिचा उच्चार टाळतात ती सकाळी शौचास जाण्यापूर्वीची. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत जो पहिली सिगारेट पेटवतो त्याचे शरीर निकोटिनच्या फारच अधीन झाले आहे असे समजावे, आणि अशाने तारीख उजाडण्याआधीच डॉक्टरांची गाठ घ्यावी. ही रोजकीर्द सुट्या सिगारेटी घेणाऱ्यांना विशेष आवश्यक, कारण टपरीवर एक-एक, दोन-दोन घेत जाणाऱ्याला आपला दिवसाचा आकडाच ठाऊक नसतो. अशी सुटी विक्री महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून मना आहे; चाल काही मोडलेली नाही. विडी ओढणाऱ्यानेही आपले प्रकरण किरकोळ समजू नये. टेंभुर्णीच्या पानातून हवा फारशी आत शिरत नाही, विडी विझू नये म्हणून झुरके जोराने आणि भराभर घ्यावे लागतात, आणि त्यामुळे तंबाखू थोडी असूनही निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड ही दोन्ही सिगारेटीहून कमी पदरात पडत नाहीत.

आदल्या रात्री घराची झडती घ्यावी, आणि ती पोलिसांइतक्याच अविश्वासाने घ्यावी: जुन्या कोटाचे खिसे, टेबलाचा खालचा खण, स्कूटरची डिकी, पुस्तकांच्या रांगेमागची फट. राखदाणी आणि लायटर घराबाहेर जावेत. काडेपेटी मात्र घालवता येत नाही, कारण ती देवघरातल्या निरांजनाची असते. तिची जागा तेवढी बदलावी. कचेरीला जाण्याचा रस्ता टपरीवरून असेल तर तोही महिनाभर बदलावा. रोज एकेक कमी करीत सोडावी की ठरल्या दिवशी एकदम, हा वाद जुना आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ७०० धूम्रपान्यांवरील एका ब्रिटिश प्रयोगात चार आठवड्यांनंतर एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर दोन आठवडे हळूहळू कमी करीत आलेल्यांपैकी ३९ टक्के टिकून होते. दोन्ही गटांना औषध आणि सल्ला सारखाच मिळाला होता, तेव्हा हा कौल दुर्लक्षिण्याजोगा नाही.

आता एक गोष्ट अशी, की जी फार थोड्यांना ठाऊक असते. तंबाखूच्या धुरातील काही द्रव्यांमुळे यकृतातील एक विकर अधिक जोमाने काम करू लागते, आणि हेच विकर चहा-कॉफीतील कॅफीन मोडून टाकते; म्हणून धूम्रपान करणाऱ्याला चहा कमी बाधतो. सिगारेट सुटली की काही दिवसांतच ही जलद निकासी बंद पडते, पूर्वीइतक्याच कपांनी रक्तातले कॅफीन पुष्कळ वाढते, छाती धडधडते, झोप उडते, आणि बिचारा माणूस या साऱ्याचे खापर तंबाखूच्या विरहावर फोडून पुन्हा टपरी गाठतो. पहिल्या पंधरवड्यात चहा निम्म्यावर आणावा. तसेही आपल्याकडे 'कटिंग' आणि सिगारेट यांची जोडी इतकी जुनी आहे, की एकीला निरोप देऊन दुसऱ्याला पूर्वीच्याच ठिकाणी बसवून ठेवणे शहाणपणाचे नाही. याच कारणाने दम्यासाठी थिओफिलीन घेणाऱ्यांनी आणि मानसोपचाराची काही औषधे घेणाऱ्यांनी आपण धूम्रपान सोडत असल्याचे डॉक्टरांना अवश्य कळवावे. मात्रा बदलावी लागण्याचा संभव असतो.

तलफ प्रत्यक्ष दाराशी येईल तेव्हा तिला 'कधीच नाही' असे उत्तर देऊ नये, 'दहा मिनिटांनी' असे द्यावे. आणि तेवढ्या अवधीत बसली जागा सोडावी, घोट-घोट पाणी प्यावे, जिना उतरून चार पावले चालून यावे. तोंडाला चाळा म्हणून लवंग, बडीशेप, ज्येष्ठमधाची काडी यांपैकी काही जवळ असावे. सुपारी मात्र नको, कारण ती तंबाखूवाचूनही कर्कजनक आहे. आणि मशेरी, तपकीर किंवा खर्रा यांचा आसरा तर मुळीच नको. हा इशारा आपल्या प्रांती अगत्याचा आहे: २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू सेवणारे २४.४ टक्के आढळले. अशा मुलखात सिगारेट सोडणाऱ्याच्या हातावर मळलेली तंबाखू ठेवणारा स्नेही मिळायला कितीसा वेळ लागणार? औषधी दुकानातले निकोटिनचे च्युइंगगम ही निराळी वस्तू. ती उपयोगी आहे, पण तिची पद्धत न कळल्याने पुष्कळांची निराशा होते. ते सारखे चघळायचे नसते. जिभेला झिणझिणी जाणवेपर्यंत सावकाश चावून गालाच्या आत ठेवून द्यायचे, झिणझिणी गेली की पुन्हा थोडे चावायचे, आणि आधी पंधरा मिनिटे चहा, कॉफी किंवा सरबत घ्यायचे नाही, कारण आम्लाने निकोटिन शोषले जात नाही. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नयेत.

पहिल्या काही आठवड्यांत खोकला वाढला, पोट साफ होईनासे झाले, वजन चार-दोन किलोंनी चढले, तर घाबरू नये. खोकला तर कित्येकदा सुलक्षणच असतो, कारण श्वासमार्गातील सूक्ष्म केस पुन्हा कामाला लागून साठलेला मळ वर ढकलत असतात. घरच्यांना आपल्या चिडखोरपणाची पूर्वसूचना द्यावी. तिसऱ्या दिवशी आमटी अळणी निघाली म्हणून ताट सारणारा नवरा सहन करणे हेही या मोहिमेतलेच एक काम आहे आणि त्याचे श्रेय सहसा कोणी देत नाही. लग्नाच्या मांडवात कोणी आग्रहाने पुढे केलेली एखादी ओढली गेलीच, तर सारे मुसळ केरात गेले असे समजून पाकीट विकत आणू नये; दुसरी ओढू नये, आणि रोजकीर्दीत ती कोठे व कशी ओढली गेली ते लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या मांडवात उभे कोठे राहायचे नाही ते कळेल.

साठी उलटलेले पुष्कळजण आता सोडून काय मिळवायचे असे विचारतात. १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांची पन्नास वर्षे पाहणी करून रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उत्तर दिले ते असे, की साठाव्या वर्षी सोडणाऱ्याला आयुष्याची सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ. ज्यांना हा बंदोबस्त एकट्याने जमणार नाही असे वाटते त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०१६ पासून विनामूल्य दूरध्वनी-सल्ल्याची सोय केली आहे, आणि सप्टेंबर २०१८ पासून तिचा क्रमांक पाकिटावरच्या इशाऱ्यातच छापला जातो. परंतु सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही. म्हणून तो येथे देतो: १८००-११-२३५६.