साडेपाच तासांचा हिशेब
भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरनजीकच्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर बेतलेली असल्यामुळे, आणि पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरत असल्यामुळे, ग्रिनिचशी तिचे अंतर साडेपाच तासांचे ठरते व ते बारमाही अचल राहते. (१९०६ साली ही वेळ अमलात आली, तरी मुंबई शहराने एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत मोठ्या हट्टाने सांभाळली!) मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेले मॉरिशस ग्रिनिचच्या चार तास पुढे असते, सबब तेथील सायंकाळी ७ च्या सभेची वेळ दीड तास मिळवून येथे रात्री ८.३० धरावी. लंडनचा मामला निराळा: मार्चच्या अखेरच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारपर्यंत तेथील घड्याळे तासभर पुढे सारलेली असल्याने आपले अंतर साडेचार तासांवर येते, आणि ‘नेहमीच्या वेळी’ असा मोघम निरोप धाडणारे नेमके त्याच मोसमात फसतात. यास्तव बहुदेशीय बैठकीची वेळ ग्रिनिच मानाने कळवून ज्याने त्याने आपले अंतर मिळवणे किंवा वजा करणे श्रेयस्कर. मात्र तारीखही तपासावी, कारण आपल्या सोमवारच्या पहाटे ४ वाजता ग्रिनिच मानाने रविवारचे रात्रीचे १०.३० झालेले असतात.