मशीनदादा, जरा थांब, बाळाला श्वास घेऊ दे!

घड्याळ समोर ठेवा आणि मिनिटभर स्वतःचे श्वास मोजा. मुद्दाम हळू घेऊ नका हं! विसाच्या आसपास भरतील. आता घरात तान्हं बाळ असेल, तर ते झोपल्यावर त्याचं पोट किती वेळा वर-खाली होतं ते मोजा. मिनिटाला ४० ते ६० वेळा!

काही बाळं दिवस भरायच्या आधीच जन्माला येतात. त्यांच्या फुप्फुसांत हवेच्या इवल्या पिशव्या उघड्या ठेवणारं एक द्रव्य पुरेसं नसतं. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड या अमेरिकी डॉक्टरांनी १९५९ साली हे दाखवून दिलं. अशा बाळाला काचेसारख्या पारदर्शक पेटीत ठेवतात. श्वास फारच अपुरा पडला, तर व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारं मशीन लावतात. एक किलोच्या बाळाला एका श्वासात हवा किती लागते? जेमतेम ५ मिलिलिटर, म्हणजे औषधाचा एक छोटा चमचा!

पूर्वीची मशीनं आपल्याच तालात हवा सोडायची. बाळ श्वास सोडतंय आणि नेमकं तेव्हाच मशीन हवा आत ढकलतंय! झोका मागे येत असतानाच कुणी पुढे ढकलला, की कसा हिसका बसतो? तसंच. बाळ बिचारं मशीनशी झगडायचं. कधी कधी नाजूक फुप्फुसाला इजा होऊन हवा भलतीकडेच शिरायची.

आता बऱ्याच मशीनांत बाळाच्या श्वासाच्या नळीच्या तोंडाशी केसासारखी बारीक, तापलेली तार असते. बाळाने हवा ओढली, की तार किंचित गार होते. झालं, मशीनला इशारा मिळाला! ते लगेच हवा देतं, साधारण ०.३ ते ०.४ सेकंद, आणि थांबतं. डोळ्याची पापणी लवेपर्यंत काम फत्ते.

पण हे हुशार मशीनही फसतं बरं का! बाळाला दमट हवा देतात, त्यामुळे नळीत पाणी साचतं. ते डचमळलं, की मशीनला वाटतं, बाळानेच श्वास घेतला. म्हणून सिस्टर नळीतलं पाणी पुन्हा पुन्हा काढून टाकतात. काही मशीनं तर याहून चलाख. त्यांचे सेन्सर पोटात जाणाऱ्या दुधाच्या नळीवरच बसवलेले असतात. छातीच्या तळाशी असलेल्या श्वासपटलातला विजेचा संकेत ते टिपतात. हवा हलायच्या आधीच मशीनला बातमी!

आणि अपुऱ्या दिवसांची बाळं कधी कधी श्वास घ्यायचंच विसरतात, पार वीस-वीस सेकंद. त्यावर डॉक्टर काय देतात माहीत आहे? कॅफीन! हो, आईबाबांच्या कॉफीत असतं तेच. बाळाला अर्थात औषध म्हणून, अगदी मोजून-मापून.