‘आपण’, ‘ते’ आणि ‘तू’ : कट्टर प्रचाराचा भाषिक विचार

सामान्य मनुष्य कट्टर मतांकडे कसा वळतो, हा प्रश्न आजवर मुख्यतः पोलिस, राज्यशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांच्या अभ्यासाचा विषय मानला गेला. वस्तुतः या परिवर्तनाचा बराचसा भाग भाषेत घडतो. शस्त्र हाती येण्यापूर्वी सर्वनामे बदलतात आणि जुने शब्द नव्या अर्थाने वापरले जाऊ लागतात. समाजमाध्यमांच्या काळात तर प्रचारक आणि वाचक यांची पहिली भेट बहुधा केवळ भाषेतच होते. तेव्हा या प्रश्नाकडे भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे.

ठाणे जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर या विषयाचे ठळक उदाहरण कल्याणचे आहे. मे २०१४ मध्ये तेथील चार तरुण इराकमधील धर्मस्थळांच्या दर्शनास निघालेल्या यात्रेकरूंबरोबर बगदादला गेले. तेथे त्यांनी आपल्या सहप्रवाशांची साथ सोडली व ते ‘इस्लामिक स्टेट’ या संघटनेस जाऊन मिळाले, असे राष्ट्रीय तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. त्या संघटनेने मोसुल शहर जिंकले ते त्यानंतर, जून २०१४ मध्ये. आणि खिलाफतीची घोषणा केली ती २९ जून रोजी. चौघांपैकी एक जण नोव्हेंबर २०१४ मध्ये भारतात परतला व त्यास अटक झाली. खटला दीर्घकाळ रेंगाळल्यामुळे त्यास विशेष न्यायालयाने मार्च २०२० मध्ये जामीन दिला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २३ फेब्रुवारी २०२१ रोजी तो कायम ठेवला. देश सोडताना तो एकवीस वर्षांचा, स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. अज्ञान अथवा दारिद्र्य यांवर सारा भार टाकणारे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते.

मग दोष समाजमाध्यमांचा म्हणावा काय? या बाबतीत संशोधकांचे निष्कर्ष सावध आहेत. पॉल गिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील २२३ दोषसिद्ध दहशतवाद्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. महाजालावरील वावर आणि प्रत्यक्ष गाठीभेटी हे दोन वेगळे मार्ग नसून बहुधा ते एकमेकांत गुंतलेले असतात, असे त्यांना आढळले. केवळ एखादे चित्र अथवा भाषण पाहून कोणी घर सोडत नाही. मित्रमंडळ, वय, अपमानाची भावना आणि पराक्रमाची ओढ यांचाही त्यात वाटा असतो. माध्यम या सर्वांना एक सुसंगत बोली पुरविते. ती बोली कशी घडते, हाच येथे विवेचनाचा विषय होय.

या बोलीचा पहिला घटक प्रथमपुरुषी अनेकवचन होय. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘आम्ही’ म्हणणारा श्रोत्यास वगळतो. ‘आपण’ म्हणणारा त्यास सामावून घेतो. इंग्रजी, उर्दू आणि अरबी या भाषांच्या सर्वनामांत हा भेद नाही. ‘इस्लामिक स्टेट’च्या प्रचारात अरबी आणि इंग्रजी यांचे प्राबल्य होते. बर्गर आणि मॉर्गन यांच्या २०१५ च्या पाहणीनुसार सप्टेंबर ते डिसेंबर २०१४ या काळात संघटनेच्या समर्थकांनी ट्विटरवरील किमान ४६,००० खाती वापरली. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश खातेदार अरबी, तर पाचांत एक इंग्रजी निवडणारा होता. अशा भाषेत ‘आम्ही लढत आहोत’ हे वाक्य ‘आपण लढत आहोत’ असेही वाचता येते. दूरचा वाचक त्या वाक्यात केव्हा शिरला, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

दुसरा घटक अर्थसंकोचाचा. ‘हिजरत’ हा शब्द मूळचा इ.स. ६२२ मधील मक्केहून मदिनेस झालेल्या स्थलांतराचा. १९२० साली खिलाफत चळवळीत सिंध व सरहद्द प्रांतांतून हजारो लोक अफगाणिस्तानकडे निघाले, तेव्हाही हाच शब्द राजकीय अर्थाने वापरला गेला. ‘दाबिक’ या संघटनेच्या नियतकालिकाने २०१४ मध्ये त्याचा अर्थ ‘आमच्या राज्यात येणे’ एवढ्यापुरताच आकुंचित केला आणि त्यास कर्तव्याचे रूप दिले. शब्द पवित्र राहिला. त्याचा आशय मात्र परका झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये १२६ मुस्लिम विद्वानांनी खुल्या पत्राद्वारे संघटनेच्या धर्मवचनांच्या वापरास आक्षेप घेतला. म्हणजे हा वाद एका अर्थी शब्दार्थाच्या अधिकाराचाही होता.

तिसरा घटक संबोधनाचा. उघड संदेशात ‘आपण’ असते. खासगी संभाषणात त्याची जागा ‘तू’ घेते. ‘आपणावर अन्याय होत आहे’ या विधानातून ‘तू काय करणार?’ हा प्रश्न निघतो. उघड खाती बंद होऊ लागली, तसतसे हे संभाषण अधिक बंदिस्त माध्यमांकडे सरकले. टेलिग्रामने नोव्हेंबर २०१५ मध्ये संघटनेशी संबंधित ७८ वाहिन्या बंद केल्या, परंतु खासगी संभाषणे त्या बंदीच्या कक्षेबाहेर राहिली.

यावरून मराठीचे व्याकरण मराठी भाषकाचे रक्षण करते, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. ४ जून २००८ रोजी ठाण्यातील गडकरी रंगायतनात स्फोट होऊन सात जण जखमी झाले. तेथे चालू असलेल्या ‘आम्ही पाचपुते’ या नाटकाने हिंदू देवदेवतांची विटंबना केली, असा आक्षेप त्यामागे होता. २०११ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने या प्रकरणी दोघांना दोषी ठरविले. समाजमाध्यमांचा आजचा पसारा तेव्हा नव्हता. तरीही रचना तीच: आपली श्रद्धा, त्यांनी केलेला अपमान आणि म्हणून कोणीतरी करावयाची कृती. बर्गर यांनी २०१८ साली अतिरेकी विचाराची जी व्याख्या केली, ती या दोन्ही घटनांना लागू पडते. आपल्या गटाचे यश अथवा अस्तित्व परक्या गटाविरुद्धच्या शत्रुत्वाच्या कृतीपासून वेगळे काढताच येत नाही, अशी श्रद्धा म्हणजे अतिरेकी विचार, असे ते मानतात. तो विचार कोणत्याही एका धर्माची वा भाषेची मिरास नाही.

या विवेचनाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. संशयास्पद शब्दांची यादी करून यंत्राद्वारे संदेश चाळण्याची पद्धत रूढ आहे. परंतु ‘हिजरत’, ‘उम्मत’, ‘धर्मरक्षण’ हे शब्द लक्षावधी निरुपद्रवी लोकांच्या नित्य बोलण्यात असतात. शब्दावर पाळत ठेवली म्हणजे ती अखेरीस मोहल्ल्यावर आणि वस्तीवर पाळत होते. आणि खरा प्रचारक यादीबाहेरच्या साध्या शब्दांत बोलून निसटतो. शोधावयाचा तो सुटा शब्द नव्हे, तर शब्दांमधील संबंध: ‘आपण’मध्ये कोणास घेतले, ‘ते’ या शब्दात किती निरपराध माणसे कोंबली, आणि विधानाचे रूपांतर आज्ञेत केव्हा झाले. असा अभ्यास मराठी, उर्दू आणि कोकणी मुसलमानांच्या बोली यांमधील सामग्रीवर व्हावयास हवा. कल्याण, भिवंडी, मुंब्रा आणि डोंबिवली या परिसरात त्या बोली शेजारी नांदतात. ‘आपण’ या शब्दात शेजारी सामावतो की नाही, ही तेथील सामाजिक आरोग्याची खरी परीक्षा होय.