जठराच्या वरच्या भागातली गाठ : पोट न फाडता काढण्याच्या तीन पद्धती, कोणती कोणाला?

सिद्धेश्वर (ता. औंढा नागनाथ) : पोटात गाठ निघाली की घरचे पहिलं विचारतात, "पोट फाडावं लागतंय का?" प्रत्येक वेळी लागत नाही. काही गाठी तोंडातून दुर्बीण घालून काढता येतात. पण गाठ कुठं आहे, किती मोठी आहे आणि जठराच्या कोणत्या थरात आहे, यावर पद्धत ठरते.

जठराची भिंत थरांची असते. आत अस्तर, त्याखाली मऊ थर, मग स्नायू आणि बाहेर पातळ आवरण. स्नायूच्या थरातून येणाऱ्या गाठींत 'जिस्ट' ही महत्त्वाची. ती पुढे कॅन्सरसारखी पसरू शकते. गाठ कोणत्या थरात आहे, हे दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीने कळतं.

१) ईएसडी : गाठ अस्तरात किंवा त्याखालच्या मऊ थरात असेल तर ही पद्धत. खाली द्रव सोडून अस्तर फुगवतात आणि बारीक विद्युत चाकूने गाठ अखंड सोलून काढतात. अगदी सुरुवातीच्या कॅन्सरलाही ती उपयोगी पडते. रक्तस्राव आणि भिंतीला भोक पडणं हे तिचे मुख्य धोके.

२) बोगदा पद्धत म्हणजे 'स्टर' : अन्ननलिका जिथं जठराला मिळते, तिथल्या स्नायूतल्या गाठीसाठी. गाठीच्या काही सेंटिमीटर वर अस्तराला छेद देऊन आतून बोगदा करतात. गाठ काढून छेद क्लिपने बंद करतात. गाठीवरचं अस्तर शाबूत राहतं, म्हणून गळतीचा धोका कमी. पण गाठ साधारण साडेतीन सेंटिमीटरपेक्षा मोठी असली तर बोगद्यातून अखंड काढणं अवघड जातं.

३) ईएफटीआर : जठराच्या घुमटात, म्हणजे सगळ्यात वरच्या भागात, दुर्बीण मागं वळवून काम करावं लागतं. तिथं बोगदा करणं कठीण. अशा वेळी गाठीसह भिंतीचा पूर्ण थर कापतात आणि पडलेलं भोक लगेच क्लिपने बंद करतात. भोक नीट बंद झालं नाही तर पोटात जंतुसंसर्ग होऊ शकतो.

'बिनटाक्याचं' म्हणून हट्ट धरू नये. जिस्टची गाठ फुटली तर पेशी पोटात पसरतात. म्हणून मोठ्या गाठीला छोट्या छिद्रांतून केलेली लॅप्रोस्कोपी किंवा उघडी शस्त्रक्रियाच बरी. उलट, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि धोक्याची लक्षणं नसलेल्या गाठीवर डॉक्टर अनेकदा फक्त लक्ष ठेवतात.

डॉक्टरांना हे विचारा : गाठ कोणत्या थरात आहे? अखंड निघेल का? अशा किती केसेस इथं झाल्या? रक्तस्राव झाला किंवा भोक पडलं तर सर्जन हजर आहे का? रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आधीच सांगा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. मात्र आपली प्रक्रिया यादीत आहे का, हे नांदेड, मुंबई किंवा दुसरीकडं निघण्याआधी आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या हेल्पलाइनवर विचारा.

काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, वजन घटणं किंवा कारण नसताना थकवा असेल तर महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसू नका. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, तरी दाखवून घ्या. रक्ताची उलटी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.