न बोलणाऱ्यांचे दुखणे चेहऱ्यावर कसे वाचावे?

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माधवनगरहून बुधगावच्या बाजूला, मळ्यात राहणाऱ्या एका आजींना पाहण्यासाठी मला बोलावणे आले. वय ऐंशीच्या पुढे, स्मृतिभ्रंश बराच वाढलेला, बोलणे जवळजवळ थांबलेले. पंधरा दिवसांपासून त्या घास घेत नव्हत्या. सून तोंड धुवायला किंवा वेणी घालायला गेली की तिचा हात झटकून टाकत, एकदा तर चावल्याही. मी नाडी, रक्तदाब, छाती तपासली, ‘आजार पुढे सरकला की स्वभाव असा होतो’ असे सांगितले आणि शांत राहण्यासाठी एक गोळी लिहून दिली.

निघताना त्यांचा मुलगा गोठ्याशी थांबला होता. तो म्हणाला, “डॉक्टर, म्हस वैरण खाईना झाली की आमी आधी तिचं तोंड उघडून बघतो. आईचं बघितलं का वो तुमी?”

मी पाहिले नव्हते. परत आत जाऊन, सुनेच्या मदतीने, विजेरीच्या उजेडात पाहिले. डाव्या बाजूची खालची दाढ तुटली होती, हिरडीत पू झाला होता आणि तुटक्या कडेने जिभेला व्रण पडला होता. गोळीची चिठ्ठी मी परत मागून घेतली.

त्या दिवसापासून चेहरा पाहणे या विषयाकडे मी नव्या नजरेने पाहू लागलो. खरे तर आपली सांगली नाटकवाल्यांची. 1843 साली विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ येथेच रंगभूमीवर आणले. त्याच्याही शेकडो वर्षे आधी भरताच्या नाट्यशास्त्राने आठ स्थायी भाव सांगितले आणि नुसत्या नजरेचे छत्तीस प्रकार वर्णन केले. वैद्यकाने मात्र हा विषय उशिरा हाती घेतला. डुशेन या फ्रेंच डॉक्टरांनी विजेच्या सौम्य प्रवाहाने चेहऱ्याचे एकेक स्नायू आकुंचित करून 1862 मध्ये ग्रंथ लिहिला. मनापासून हसू आले की ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, ओढूनताणून आणलेल्या हसण्यात तो बहुधा तसाच राहतो, हे त्यांचे निरीक्षण.

पुढे 1872 मध्ये चार्ल्स डार्विन यांनी माणूस आणि प्राणी यांच्या भावदर्शनावर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात आपल्या महाराष्ट्राचाही एक धागा आहे. भावना व्यक्त करण्याची रीत जगभर सारखीच असते का, हे जाणण्यासाठी डार्विन यांनी 1867 मध्ये एक छापील प्रश्नावली देशोदेशी पाठवली. आश्चर्य वाटले की भुवया वर जातात का, खिन्नतेत भुवयांची आतली टोके उचलली जाऊन ओठांचे कोपरे खाली येतात का, असे ते प्रश्न होते. एक प्रश्नावली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे राहणाऱ्या अर्स्किन नावाच्या इंग्रज गृहस्थांकडे आली. त्यांनी लोकांचे चेहरे न्याहाळले, काही जाणत्या स्थानिक मंडळींनाही विचारले. तरीही खात्रीचा निष्कर्ष काढणे त्यांना फार जड गेले, कारण गोऱ्या माणसासमोर येथील लोक आपल्या भावना दाबून ठेवत. डार्विन यांनी हे ग्रंथाच्या प्रस्तावनेतच नोंदवले आहे.

मला हा तपशील दवाखान्यात रोज आठवतो. साहेब गेले, पण ती सवय गेली नाही. ज्येष्ठ मंडळी आज डॉक्टरांसमोर तसेच करतात आणि मुलासमोर त्याहून अधिक. गुडघा ठणकत असला तरी ‘बरं आहे रे’ म्हणून ओठ हसतात. म्हणून मी अशा रुग्णाला एकदा तरी एकट्याने आत घेतो आणि मुलाला बाहेरच्या बाकावर बसवतो.

मात्र स्मृतिभ्रंश खूप वाढल्यावर लपवणेही उरत नाही आणि सांगणेही उरत नाही. तेथे चेहराच वाचावा लागतो. वेदनेचा चेहरा साधारण असा दिसतो : भुवया खाली येऊन एकमेकींजवळ ओढल्या जातात, डोळे आवळले जातात, गाल वर चढतात, नाकाच्या मुळाशी सुरकुती पडते, वरचा ओठ उचलला जातो. आमच्या त्या शेतकऱ्याचे शहाणपण आता शास्त्रानेही मोजले आहे. 2010 मध्ये उंदरांसाठी आणि 2014 मध्ये घोड्यांसाठी वेदनेच्या चेहऱ्याची मोजपट्टी तयार झाली. दोन्हींतही डोळ्यांभोवतीचा ताण आणि कानांची ठेवण पाहतात. गाईचेही तसेच. कान मागे किंवा खाली, डोळ्यांवर ताण, नाकपुड्या फुगलेल्या. माणसाला कान हलवता येत नाहीत, एवढीच आपली गैरसोय!

बोलू न शकणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी 2003 पासून ‘पेनॅड’ नावाची पद्धत वापरात आहे. श्वास, कण्हणे-ओरडणे, चेहरा, शरीराची हालचाल आणि जवळ घेतल्यावर शांत होणे, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात. एकूण दहा. घरच्यांनी ती अवश्य शिकून घ्यावी. पाच मिनिटे शांत बसून पाहा. एकदा रुग्ण पडून असताना आणि एकदा कूस बदलताना किंवा अंघोळ घालताना. हालचालीच्या वेळीच गुण वाढत असतील, तर सांधा, माकड हाड, टाचेवरची जखम, दात, तुंबलेली लघवी, खडा झालेला मळ हे सारे तपासून घ्या. चिडचिडीवर झोपेची गोळी मागण्यापूर्वी एवढे तरी करा, आणि आम्ही डॉक्टर ती पटकन लिहू लागलो तर आम्हालाही थांबवा.

याच्या उलट फसवणूकही होते. एका निवृत्त शिक्षकांच्या पत्नीची तक्रार होती, “चाळीस वर्षं संसार केला, आता माझ्याकडे दगडासारखं बघतात.” गुरुजींना कंपवात होता. या आजारात चेहऱ्याचे स्नायू मंदावतात, पापण्या कमी मिटतात, आवाज उतरतो. भावना आत तशीच असते, ती चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही. मी गुरुजींना त्यांच्यासमोरच विचारले. ते हळू आवाजात म्हणाले, “तिच्यासाठीच तर औषध वेळेवर घेतो.” बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. अशा रुग्णाचे मन चेहऱ्यावरून जोखू नये, त्याला शब्दांनीच विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. थायरॉइडची कमतरता आणि वार्धक्यातील नैराश्य यांतही चेहरा असाच मंद दिसतो. दोन्हींवर उपचार आहेत.

सुरकुत्याही दिशाभूल करतात. वयाने ओघळलेल्या भुवया आणि ओठ पाहून तरुण माणसाला आजोबा रागावलेले वाटतात, आणि आजोबा तर नुसते वर्तमानपत्राची वाट पाहत असतात. केवळ चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येत नाही, असे पाच संशोधकांनी 2019 मध्ये सविस्तर आढावा घेऊन मांडले आहे. मला ते पटते. चेहरा पाहून प्रश्न सुचावा, निदान नव्हे.

अपवाद एकच, आणि तेथे विचार करत बसू नये. चेहऱ्याची एक बाजू अचानक ओघळली, हात उचलता येईना किंवा बोलणे बोबडे झाले, तर तो पक्षाघात समजून 108 ला फोन करावा आणि लक्षण किती वाजता सुरू झाले ते लिहून ठेवावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. कपाळावर आठी पडते की नाही हे पाहून आम्ही मेंदूतला बिघाड आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूचा बिघाड यांत फरक करतो, पण तो रुग्णालयात करू द्यावा.

आजींची दाढ काढली. चौथ्या दिवशी सुनेच्या हातून त्यांनी मऊ भात खाल्ला. पुढे दीड वर्ष त्या होत्या. मला त्यांनी कधी ओळखले नाही, पण माझ्या हातातली विजेरी दिसली की न सांगता तोंड उघडत.