चार बाद शून्य

लीड्स, जून १९५२. दुसऱ्या डावात भारताच्या धावा शून्य आणि गडी बाद चार! पहिलीच कसोटी खेळणाऱ्या इंग्लंडच्या फ्रेड ट्रूमनने त्यांतले तीन घेतले होते. या पडझडीत कर्णधार विजय हजारे उभे राहिले, ५६ धावा केल्या, दत्तू फडकरांसोबत शतकी भागी रचली. कसोटी गेली ती गेलीच.

१९१५ साली सांगलीत शिक्षकाच्या घरी जन्मलेल्या या फलंदाजाच्या नशिबी असे डाव वारंवार आले. १९४३च्या पंचरंगी स्पर्धेची अंतिम लढत घ्या. हजारे ख्रिस्ती, म्हणून ‘द रेस्ट’ संघात. समोर हिंदू संघ, त्यात विजय मर्चंटांच्या नाबाद २५०. फॉलोऑननंतर ‘रेस्ट’ने ३८७ केल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेकसोबत त्रिशतकी भागीदारी झाली. त्यात विवेकचा वाटा २१. दुसऱ्या टोकाला नुसतं उभं राहणं हेही कसबच म्हणायचं.

जानेवारी १९४८मध्ये ॲडलेडला ऑस्ट्रेलियाच्या लिंडवॉल-मिलरसमोर ११६ आणि १४५. एकाच कसोटीत दोन शतकं करणारे ते पहिले भारतीय. ब्रॅडमनचा त्रिफळाही त्याच सामन्यात त्यांनी उडवला, अर्थात ब्रॅडमनच्या २०१ झाल्यावर.

कर्णधारपद मात्र त्यांना मानवलं नाही. १९५१च्या दिल्ली कसोटीत ते नाबाद १६४ पर्यंत खेळत राहिले, डाव सोडायला उशीर झाला आणि वॉटकिन्सने खिंड लढवून इंग्लंडला वाचवलं. बचाव अंगात भिनलेल्या माणसाला धोका पत्करणं जमेना. पुढे फेब्रुवारी १९५२मध्ये मद्रासला विनू मंकडच्या बारा बळींवर भारताने पहिली कसोटी जिंकली, तीही हजाऱ्यांच्याच नेतृत्वाखाली. त्यांच्या कप्तानीतल्या १४ कसोटींमधला हा एकमेव विजय. कप्तानीच्या ओझ्याने फलंदाज हजारे खुंटले, असं मर्चंट म्हणत. तरीही ३० कसोटींमधली सरासरी ४७.६५ आहे!

आज यवतमाळ-पुसदच्या मैदानांवरच्या पोरांना हे नाव ठाऊक आहे ते विजय हजारे करंडकामुळे. तासन्‌तास खेळपट्टीला चिकटणाऱ्या फलंदाजाचं नाव पन्नास षटकांच्या स्पर्धेला द्यावं, ही गंमतच. १८ जानेवारी २०२५ला विदर्भ या स्पर्धेची अंतिम फेरी खेळला, हजाऱ्यांनी २००४मध्ये अखेरचा श्वास घेतला त्या बडोद्यात. कर्नाटकच्या ३४८ धावांचा पाठलाग करताना ध्रुव शोरीने शतक ठोकलं, हर्ष दुबेने शेवटी दांडपट्टा फिरवला. विदर्भाचा डाव ३१२वर आटोपला.