हलक्या वजनाचा मल्ल

मुलांनो, मल्ल म्हटला की धिप्पाड देह डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु आंतरराष्ट्रीय कुस्तीत मल्लांचे वजनानुसार गट पाडतात. तेथे प्रतिस्पर्धी तुल्यबळ असल्याने चपळाई व डावपेच निर्णायक ठरतात, आणि यशस्वी डावाला गुण मिळतात.

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्याचे राहुल आवारे हे असेच हलक्या वजनाचे मल्ल. २०१६ च्या ऑलिंपिकची संधी हुकली, तरी त्यांनी सराव सोडला नाही. २०१८ साली गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत, ५७ किलो गटाच्या अंतिम कुस्तीत, त्यांनी कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असे नमविले. ते सुवर्णपदक त्यांनी दिवंगत गुरू हरिश्चंद्र बिराजदार यांना अर्पण केले. २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटाचे कांस्यपदकही त्यांनी पटकावले.

सात गुण गमावूनही जो पुन्हा भिडतो, तोच पंधरा मिळवितो.